युकातानच्या किनाऱ्यावर: तुलुम, कोबा, मुयिल आणि सेनोटे

सागरगोटा

अमेरिकेतली मराठी मंडळी हिवाळ्यात मेक्सिकोतल्या कॅनकूनला भरपूर जातात. कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो: किनाऱ्यावरचं हॉटेल, तिथंच खाणंपिणं आणि एखाद्या दिवशी बसमधून चिचेन इत्सा, माया या तिथल्या मूळ लोकांचं जुनं शहर. मला कॅनकूनच्या दक्षिणेच्या पट्ट्याबद्दल लिहायचंय. प्लाया देल कार्मेनपासून तुलुमपर्यंत आणि तिथून खाली सिआन काआनच्या जंगलापर्यंत माया शहरं, गोड्या पाण्याची कुंडं आणि समुद्रातली प्रवाळाची रांग एकमेकांना लागून आहेत. यातलं एक बघून दुसरं सोडलं, तर जे बघितलं तेही अर्धवटच कळतं.

सगळ्याच्या मुळाशी चुनखडी आहे. युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी नाही. पाऊस पडतो तो सच्छिद्र दगडातून खाली झिरपतो आणि जमिनीखालच्या गुहांमधून समुद्राकडे जातो. गुहेचं छत कोसळलं की पाणी उघड्यावर येतं, तेच सेनोटे. माया लोकांनी शहरं वसवली ती अशा पाण्याच्या आधारानं. घरांना, देवळांना दगड तोच, गिलाव्याला चुना त्याच दगडाचा, आणि मका शिजवायच्या पाण्यातही चुना. तिथला मक्याचा टोर्टिया खाताना तो वास जाणवतो.

तुलुम हे उशिराचं शहर. भरभराटीचा काळ साधारण इ.स. १२०० ते स्पॅनिश येईपर्यंतचा. तीन बाजूंना दगडी तट, चौथ्या बाजूला बारा मीटरचा कडा आणि खाली कॅरिबियन समुद्र. तटाला पाच अरुंद दरवाजे आहेत. त्यातून आत शिरताना मान खाली घालावी लागते आणि एका वेळी एकच माणूस जातो. आत मोठे पिरॅमिड नाहीत. चिचेन इत्सा बघून आलेले लोक म्हणूनच तुलुम 'लहान' म्हणून निकालात काढतात. मला ते पटत नाही. हे व्यापाराचं बंदर होतं. ग्वाटेमालाच्या डोंगरांतून आलेली ज्वालामुखीची काळी काच, मीठ, कापूस, मध, कोको असा माल होड्यांतून इथं यायचा. १५०२ मध्ये कोलंबसाला होंडुरासजवळच्या बेटांपाशी अशीच मालानं भरलेली एक मोठी होडी भेटली होती. कड्यावरच्या 'कास्तियो' या मुख्य इमारतीच्या बरोबर समोर प्रवाळाच्या रांगेत खिंड आहे. होडी आत यायची वाट तीच. कड्यावर उभं राहून पाण्याचा रंग नीट बघा. जिथं फेसाची पांढरी रेघ तुटते आणि निळा गडद होतो, ती जागा ओळखता येते. तेवढ्यानंही हे शहर नेमकं इथंच का, हे लक्षात येतं.

'उतरत्या देवाचं देऊळ' चुकवू नका. दाराच्या वर गिलाव्यातली एक मूर्ती आहे, पाय वर आणि डोकं खाली, आकाशातून सूर मारल्यासारखी. ही मूर्ती तुलुममध्ये पुन्हापुन्हा दिसते. काही अभ्यासक तिचा संबंध मधमाश्यांच्या देवाशी लावतात. भित्तिचित्रांच्या देवळात आत जाऊ देत नाहीत, पण बाहेरच्या कोपऱ्यांवर मोठे चेहरे कोरलेत. ते समोरून नाही, तिरपे उभे राहून बघा. तसे बघितले की डोळे, नाक, तोंड जुळून येतं.

सकाळी आठला दार उघडतं तेव्हाच पोचा. आत सावली नाही आणि दहानंतर बसगाड्या येतात.

रानवारा

वाखूसा (वाचनखूण साठवा) टाकली आहे. फोटो टाका की!

अंतरा_ह्यूस्टन

सागरगोटा, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. सोबत आई-बाबा आहेत (भारतातून आलेत, व्हिजिटर व्हिसावर) आणि दोन मुलं, सात आणि अकरा वर्षांची. बाबांचे गुडघे दुखतात. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. माझा आणि नवऱ्याचा एच-वन आहे. चार प्रश्न: मेक्सिकोचा व्हिसा लागेल का? बाबांना कोबा झेपेल का? आई काय खाईल? आणि मुलांना सेनोटेत उतरवणं कितपत सुरक्षित?

सागरगोटा

अंतरा, क्रमानं सांगते.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान, शेंगेन यांच्या चालू व्हिशावरही चालतं. आई-बाबांचा प्रश्न नाही. तुमच्या दोघांच्या पासपोर्टमधला शिक्का मात्र चालू हवा. एच-वनची मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद आहे पण पासपोर्टमधला व्हिसा संपलाय, अशांना विमानात चढतानाच अडवतात. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा.

बाबा: कोबा त्यांना तुलुमपेक्षा सोपं जाईल. अवशेष जंगलात लांबलांब विखुरलेत, पण आत तीनचाकी सायकली भाड्यानं मिळतात. पुढं दोघांना बसायचं बाक आणि मागं चालवणारा. रस्ता सपाट, वर झाडांची सावली. तुलुमला वाहनतळापासून आतपर्यंत बरंच चालावं लागतं आणि ऊन असतं. गाडीची सोय असेल तिथं ती घ्या, टोपी आणि पाणी विसरू नका.

मुलं: सेनोटेत लाइफ जॅकेट देतात, बऱ्याच ठिकाणी सक्तीचं असतं. लाकडी पायऱ्या आणि उथळ जागा असलेलं कुंड निवडा. तुलुमहून कोबाला जाताना लागणारं ग्रान सेनोटे तसं आहे. पाणी वर्षभर साधारण पंचवीस अंशांचं, म्हणजे आत शिरताना गार वाटतं. धाकट्यासाठी अंगभर पोहायचा शर्ट न्या.

आईंच्या जेवणाचं इथं कुणी शाकाहारी सांगेल तर बरं.

पिठलंभाकरी

मी सांगतो, घरात आम्ही सगळे शाकाहारी.

पहिली गोष्ट 'मांतेका'. म्हणजे डुकराची चरबी. घोटलेल्या काळ्या घेवड्यात ती सर्रास असते आणि नुसतं 'मांस नको' म्हटलं तर लोक ती मांसात धरत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणी 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका, सिन ऊएवो' असं ओळीनं म्हणायचं: मांस, कोंबडी, चरबी, अंडं काहीच नको. एका कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून आईंच्या पर्समध्येच ठेवा.

काय खावं: 'सिकिल पाक' मागा. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया वाटून त्यात भाजलेला टोमॅटो आणि कोथिंबीर घालतात, दाटसर चटणी होते. मक्याच्या चिप्सबरोबर आईंना नक्की आवडेल. मक्याच्या टोर्टियात साधारणपणे चरबी नसते, गव्हाच्या टोर्टियात असू शकते. 'चाया' नावाची पालेभाजी आहे, तीही बघा. अळूसारखीच ती कच्ची खात नाहीत, शिजवूनच. पण बरेचदा अंड्यात परततात, तेव्हा विचारून घ्या. 'पापाद्सुलेस' हा पदार्थ शाकाहारी म्हणून पुढं करतात, त्यात उकडलेलं अंडं असतं. हबानेरो मिरचीची चटणी छोट्या वाटीत येते. ती आपल्या लवंगीच्याही पुढची आहे, चमच्याच्या टोकानं सुरुवात करा.

फळांच्या गाडीवर हिकामा नावाचा कंद, आंबा, अननस लिंबू-तिखट लावून देतात. मुलं दिवसभर तेवढ्यावर राहतील.

चकमक

धागा छान आहे, पण चिचेन इत्सा जणू सहलीचं ठिकाण असल्यासारखं बाजूला टाकलंत ते मान्य नाही. गर्दी आहे, आत विक्रेत्यांच्या रांगा आहेत, सगळं खरं. तरीही कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडसमोर उभं राहिल्यावर जे दिसतं त्याला तोड नाही. चारी बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरची चौथऱ्याची एक धरून ३६५. वर्षाचे दिवस दगडात मोजून ठेवलेत. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास उतरत्या उन्हात जिन्याच्या कठड्यावर त्रिकोणी सावल्या पडतात आणि खाली कोरलेल्या सापाच्या डोक्याला जाऊन मिळतात. पायथ्याशी उभं राहून टाळी वाजवली तर पायऱ्यांवरून जो प्रतिध्वनी येतो तो पक्ष्याच्या आवाजासारखा येतो. चेंडूच्या खेळाचं मैदान १६८ मीटर लांब आहे, एवढं मोठं मध्य अमेरिकेत दुसरं नाही. हजारो मैल जाऊन हे न बघता परत यायचं?

सागरगोटा

चकमक, न बघता परत या असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप बसमधून बारा वाजता पोचून दीड तासात परत फिरण्याला आहे. त्यात सगळा वेळ रांगेत आणि उन्हात जातो, आणि 'आम्ही माया बघितलं' अशी समजूत होऊन बाकीचं राहून जातं. तुम्ही लिहिलंय ते बघायचं असेल तर आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम करावा. तिथून चिचेन इत्सा चाळीसेक किलोमीटर. दार उघडताना पोचता येतं.

एक व्यवहाराची गोष्ट: तुलुम, कोबा, कॅनकून किंताना रो राज्यात आहेत, चिचेन इत्सा आणि वायादोलिद युकातान राज्यात. दोन्हींच्या घड्याळात एका तासाचा फरक आहे, युकातान मागे. सकाळी तुलुमहून निघालात तर एक तास हाती लागतो, परतताना तो जातो. परतीचं विमान कॅनकूनहून असेल तर हे आधीच धरून चाला. आणि चिचेन इत्साला दोन तिकिटं काढावी लागतात, एक केंद्राचं, एक राज्याचं.

मोगरा

आम्हाला मार्गदर्शकानं चिचेन इत्साच्या मोठ्या सेनोटेपाशी सांगितलं की तिथं कुमारिकांचा बळी द्यायचे. मुलगी रात्रभर झोपली नाही. खरं आहे का हे?

शिलालेख

मोगरा, कुमारिकांची गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरली. अमेरिकेचे तिथले वाणिज्यदूत एडवर्ड थॉम्पसन यांनी १९०४ पासून त्या कुंडाचा तळ उपसला. सोनं, जेड, कोपाल धूप आणि माणसांची हाडं निघाली. मग कहाण्या रंगत गेल्या. हाडांचा अभ्यास झाला तेव्हा त्यात पुरुष, बायका, मुलं सगळेच निघाले.

नरबळी होते, ते नाकारायचं कारण नाही. २०२४ मध्ये एक मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुंडाजवळच्या भूमिगत टाकीत सापडलेल्या ६४ मुलांच्या हाडांची तपासणी केली, तर ते सगळे मुलगे निघाले. त्यात एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या होत्या आणि बरेच जण आपसात नातेवाईक होते. माया पुराणकथांमध्ये पाताळात उतरणाऱ्या जुळ्या भावांना फार मोठं स्थान आहे, त्यामुळे अभ्यासकांनी तो धागा जोडला. त्याच अभ्यासात जवळच्या गावातल्या आजच्या माया लोकांचेही नमुने घेतले होते, आणि त्या मुलांशी त्यांचं वांशिक सातत्य दिसलं.

मुलीला एवढं सांगता येईल: सेनोटे हे पावसाच्या देवाचं, चाकचं, दार मानत. पाऊस हुकला की मका गेला, आणि नदी तर नाहीच. कुंडात टाकलेल्या गोष्टी त्या भीतीपोटी टाकलेल्या आहेत.

आणखी एक, कारण लिपीचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्यानं माया पोथ्या जाळल्या. आज जगात फक्त चार उरल्यात. त्याच लांदानं पुढं लिहिलेल्या वृत्तांतात माया चिन्हांची एक 'बाराखडी' दिली होती, आणि तिच्या आधारे १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकानं लिपीचं कोडं सोडवायला सुरुवात केली. तो तोवर मेक्सिकोत गेलाही नव्हता. कोबाला गेलात की गवताच्या छपराखाली उभ्या केलेल्या कोरीव शिळा बघा. झिजल्यात, पण तिरप्या उन्हात टिंब आणि रेघा दिसतात. टिंब म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच. शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह. अकरा वर्षांच्या मुलाला हे आकडे शोधायला लावा, त्याला फार आवडेल.

चकमक

शिलालेख, जुळ्यांचं माहीत नव्हतं. कोबाबद्दल अजून लिहा ना.

शिलालेख

कोबा तुलुमपेक्षा बरंच जुनं. जोरात होतं ते साधारण इ.स. ६०० ते ९०० मध्ये. तलावांच्या भोवती वसलेलं शहर आणि त्यातून निघणारे 'साकबे', म्हणजे चुन्याचा थर दिलेले पांढरे उंच रस्ते. त्यातला एक सरळ पश्चिमेला यासुनापर्यंत जातो, सुमारे शंभर किलोमीटर. चाक वाहनाला लावायची पद्धत नव्हती, ओढायला जनावर नव्हतं, तरी एवढा रस्ता बांधला. सातव्या शतकात इथं काविल अहाव नावाची राणी राज्य करत होती, इ.स. ६४० ते ६८२. तिच्या शिळांवर पायाखाली बंदिवान कोरलेत. तो लांब रस्ता तिच्या काळातल्या चढायांसाठी बांधला असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे. सायकलवरून आत जाता तोच मुळी एक साकबे आहे, हे लक्षात ठेवून चालवा.

नोहोच मुल पिरॅमिड ४२ मीटर उंच. माझी विनंती, पायऱ्या चढायला मिळतात की नाही यावर कोबाचं मोल ठरवू नका.

घोलवडची

मी डहाणूजवळची, आमच्या वाड्यात चिकूची शंभरेक झाडं. कोबाच्या जंगलात सायकल थांबवून उतरले कारण एक झाड ओळखीचं वाटलं. पान तेच, फांद्यांची ठेवण तीच, फक्त उंची आमच्या झाडांच्या कितीतरी पट. चिकूच! हे त्याचं मूळ घर. आमच्या घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचे पूर्वज या चुनखडीवर वाढलेत.

खोडावर नागमोडी खाचा होत्या, खालपासून पार वरपर्यंत, जुन्या आणि बुजत आलेल्या. सायकल चालवणाऱ्या काकांनी खुणा करून दाखवलं: इथून पांढरा चीक खाली ओघळायचा आणि बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमायचा. तो उकळून वड्या करायचे आणि त्याचं च्युइंगगम व्हायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंताना रोचं हे सगळं जंगल चिकाचा धंदा करणाऱ्यांनी भरलेलं होतं. कितीतरी पडकी शहरं बाहेरच्या जगाला त्यांच्यामुळे कळली. एकदा खाचा मारल्या की त्या झाडाला पुन्हा चीक काढण्याआधी काही वर्षं विश्रांती द्यावी लागते. घाई केली तर झाड मरतं.

आणि लाकूड एवढं टणक की माया लोकांनी देवळांच्या दारांवर चिकूच्या तुळया घातल्या. ग्वाटेमालातल्या तिकालच्या देवळांत आठव्या शतकातल्या तुळया टिकून आहेत. आमच्याकडं म्हातारं झाड पाडलं की सरपण करतात. आता मी बाबांना ते करू देणार नाही.

सागरगोटा

घोलवडची, हे वाचून फार बरं वाटलं. तिथं पांढऱ्या सावरीची झाडंही आहेत, मायांचा पवित्र वृक्ष, तो आपल्याकडंही वाढतो. मुयिलला नक्की मोठी दिसेल.

मुयिलबद्दल राहिलंच. तुलुमच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटर, रस्त्याच्या कडेलाच. इ.स.पूर्व चौथ्या शतकापासून वस्ती होती, तुलुमच्या कितीतरी आधी. गर्दी नसते. एका सकाळी आम्ही होतो आणि झाडावर कोआती या रॅकूनसारख्या प्राण्यांचं एक कुटुंब, बाकी कुणी नाही. अवशेषांमागून लाकडी पायवाट तिवरांतून जाते आणि सरोवरापाशी बाहेर पडते. तिथं स्थानिक माया सहकारी संस्थांच्या होड्या असतात. दोन सरोवरं पार करून त्या एका अरुंद कालव्यापाशी सोडतात. हा कालवा माया व्यापाऱ्यांच्या वाटेचा भाग. काठावर एक छोटं देवालय अजून उभं आहे.

मग लाइफ जॅकेट खांद्यांऐवजी पायात, चड्डीसारखं घालायचं आणि पाण्यात बसायचं. प्रवाह आपणच पुढं नेतो. हातपाय हलवायची गरज नाही. पाणी गोडं, तळ दिसतो, दोन्ही बाजूंना तिवरांची मुळं आणि त्यात बारीक मासे. बाबांच्या गुडघ्यांना हे सगळ्यात सुखाचं, फक्त होडीत चढ-उतार करताना हात धरा. हे सगळं सिआन काआन राखीव क्षेत्रात येतं, १९८७ पासून जागतिक वारसा.

डुबकी

गुहांमध्ये डायव्हिंग करतो म्हणून थोडी भर.

दोस ओखोस, तुलुमच्या उत्तरेला वीसेक किलोमीटर. वरून बघितलं तर एक साधं निळं कुंड. खाली गेलात की ते साक आक्तुन या गुहांच्या जाळ्याचा भाग आहे. २०१८ मध्ये दोन्ही जोडलेले असल्याचं सिद्ध झालं तेव्हा पाण्याखालची मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली. छतावरून लोंबणारे चुन्याचे खांब पाण्यात बनत नाहीत, थेंब थेंब हवेत पडूनच बनतात. म्हणजे हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. तेव्हाच आत आलेली एक किशोरवयीन मुलगी ओयो नेग्रो नावाच्या खड्ड्यात पडली. २००७ मध्ये डायव्हरना तिचा सांगाडा सापडला, सोबत हत्तीसारख्या नामशेष प्राण्याची हाडं. वय साधारण बारा-तेरा हजार वर्षं. अमेरिका खंडातल्या सर्वांत जुन्या, जवळजवळ पूर्ण सांगाड्यांपैकी एक. शास्त्रज्ञांनी तिला नाइया म्हटलं.

किनाऱ्याजवळच्या गुहेत साधारण दहा-पंधरा मीटर खाली गोडं पाणी संपतं आणि समुद्राचं खारं पाणी लागतं. दोन्ही जिथं भेटतात तिथं एक थर असतो. त्यातून जाताना डोळ्यांसमोर सगळं थरथरतं, पुढच्या माणसाचे पाय विरघळल्यासारखे दिसतात. थर ओलांडला की पुन्हा लख्ख.

साधं प्रमाणपत्र असलेल्यांनी उजेड दिसतो त्या भागापर्यंतच आणि जाणत्या मार्गदर्शकाबरोबरच जावं. पुढं गुहेच्या तोंडाशी कवटीचं चित्र असलेली पाटी असते, 'इथून परत फिरा'. ती शोभेची नाही. वेगळं प्रशिक्षण नसताना त्या पाटीपुढं गेलेले चांगले डायव्हरही मेलेत.

आणि मंडळी, सनस्क्रीन! सेनोटेत उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात तो नियम मनापासून पाळा. हे साठलेलं तळं नाही. तुमच्या अंगावरचं जे पाण्यात जातं ते गुहांमधून वाहत समुद्रात, थेट प्रवाळावर जातं.

निवडुंग

डुबकी, माया ट्रेनबद्दल काय मत? आम्हाला ती फार सोयीची वाटली.

डुबकी

सोय आहे, नाकारत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कॅनकून-काम्पेचे सुरू झाली, तुलुमला विमानतळही त्याच महिन्यात आला. पण प्लाया देल कार्मेन ते तुलुम या टप्प्यात मार्ग किनाऱ्याच्या महामार्गावरून हलवून जंगलात नेला. जमीन खालून पोकळ. म्हणून उंच पूल केला आणि त्याच्यासाठी पोलादी खांब गुहांच्या छतातून आरपार खाली रोवले, हजारोंनी. मी ज्या गुहांमध्ये पोहलोय तिथं आता गंजणारे खांब उभे आहेत, आजूबाजूचे चुन्याचे लोलक तुटून पडलेत. हेच पाणी तिथली गावं पितात. ट्रेनचं तिकीट काढू नका असं मी म्हणणार नाही, पण 'पर्यावरणपूरक प्रवास' म्हणून जाहिरात वाचली की मला राग येतो.

निवडुंग

हे ठाऊक नव्हतं. आम्ही खिडकीतून नुसतं जंगल बघत बसलो होतो.

दर्यावर्दी

आम्ही जूनमध्ये जाणार आहोत, सुट्ट्या तेव्हाच मिळतात. सार्गासमचं ऐकून घाबरलोय. जावं का?

सागरगोटा

दर्यावर्दी, जून म्हणजे सार्गासमचा भर. साधारण एप्रिल ते ऑगस्ट हे तपकिरी समुद्री शेवाळ लाटांबरोबर येतं. २०११ पासून अटलांटिकच्या मध्यातून त्याचे प्रचंड पट्टे यायला लागले. ताजं असताना त्रास नाही, किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. दम्याच्या माणसानं त्यापासून लांब राहावं. हॉटेलं समुद्रात अडथळे टाकतात, रोज ट्रॅक्टरनं उचलतात, तरी काही दिवस पुरून उरतं.

म्हणून जूनमध्ये बेत समुद्राभोवती न आखता गोड्या पाण्याभोवती आखा. सेनोटे, मुयिल, कोबा यांना फरक पडत नाही. कोझुमेल बेटाची पश्चिम बाजू बहुधा स्वच्छ असते. आणि वेळ असेल तर दक्षिणेला बाकालारचं सरोवर, गोडं पाणी, निळ्याच्या कितीतरी छटा. तिथं काठाला स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवत बांधलेले दगड. त्यांच्यावर पाय देऊ नका, जिवंत आहेत ते.

जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसमही असतो. विमा घ्या, आणि रद्द करता येईल असंच हॉटेल.

मोगरा

तुलुमजवळच्या अकुमालच्या कासवांबद्दल कुणी लिहिलं नाही! हिरवी समुद्री कासवं उपसागरातलं समुद्री गवत चरायला येतात. आता ठरवून दिलेल्या भागात मार्गदर्शकासोबतच जाता येतं, अंतर ठेवावं लागतं आणि हात लावायचा नाही. आमच्यासमोर एक कासव खाता खाता वर आलं, नाक पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतला आणि परत जाऊन गवत तोडायला लागलं. पाठीवर दोन मासे चिकटलेले. बाजूच्याच याल-कु खाडीत भूमिगत गोडं पाणी समुद्राला मिळतं, मुलांना स्नॉर्केलिंग शिकवायला छान.

परतीचापाऊस

गेल्याच महिन्यात जाऊन आलो. दोन ताज्या गोष्टी.

तुलुमच्या अवशेषांसाठी आता हाग्वार उद्यानातून जावं लागतं आणि उद्यानाचं, संरक्षित क्षेत्राचं आणि पुरातत्त्वाचं असं वेगवेगळं शुल्क भरावं लागतं. महामार्गापाशीच अंगावर ओळखपत्र लटकवलेले लोक गाड्या थांबवतात आणि 'अधिकृत तिकीट इथेच' म्हणतात. थांबू नका, दारापर्यंत जा. पेसो रोख ठेवा.

गाडी भाड्यानं घेतलीत तर तिसऱ्या व्यक्तीचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे आणि नेटवर दिसणाऱ्या स्वस्त दरात तो बहुधा धरलेला नसतो. आमच्या कंपनीनं काउंटरवर ठरल्याच्या तिप्पट पैसे मागितले, दीड तास वाद झाला. विमा धरून एकूण किती, हे आधी ईमेलवर लिहून घ्या. गावांजवळ गतिरोधक अचानक येतात, काहींना रंगही नसतो. रात्री कोबा-वायादोलिद रस्ता टाळा. गाडी नको असेल तर प्लाया देल कार्मेन-तुलुम महामार्गावर पांढऱ्या कोलेक्टिवो, म्हणजे वाटेत प्रवासी घेणाऱ्या सामायिक व्हॅन सतत असतात, हात केला की थांबतात. लांबच्या अंतराला आदो कंपनीच्या बस उत्तम.

शिलालेख

एक शेवटची गोष्ट लिहितो कारण वर दोन-तीन ठिकाणी 'माया लोक होते' असं आलंय. ते आहेत. युकातेक माया आजही लाखो लोक बोलतात. तुम्हाला कोबात सायकलवर नेणारे, मुयिलला होडी चालवणारे घरी हीच भाषा बोलतात. १८४७ मध्ये याच प्रदेशात माया शेतकऱ्यांनी उठाव केला आणि १९०१ पर्यंत द्वीपकल्पाचा पूर्व भाग जवळजवळ स्वतंत्र ठेवला. ज्यातून देव बोलतो असं ते मानत, त्या 'बोलणाऱ्या क्रुसा'चं त्यांचं मुख्य देवस्थान आजच्या फेलिपे कारियो पुएर्तो गावी होतं, तुलुमपासून सुमारे ९५ किलोमीटरवर. १८७० च्या दशकात तुलुममध्ये मारिया उइकाब ही बाई या पंथाची प्रमुख होती. पर्यटक ज्या तुलुमला 'ओसाड पडलेलं' समजतात तिथं तेव्हा पूजा चालू होती.

म्हणून जमेल तिथं गावातल्या लोकांच्या सहकारी संस्थेकडूनच होडी, सायकल, मार्गदर्शक घ्या. पैसे त्यांच्या हातात पडू देत.

अंतरा_ह्यूस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचा बेत असा: मुक्काम तुलुम गावात. एक दिवस सकाळी तुलुम, दुपारी अकुमाल. एक दिवस कोबा आणि परतताना ग्रान सेनोटे. एक पूर्ण दिवस मुयिल. मग वायादोलिदला एक रात्र आणि सकाळी चिचेन इत्सा, चकमक यांच्या शब्दाखातर. बरोबर वाटतंय का?

सागरगोटा

उत्तम. फक्त तुलुमच्या दुसऱ्या दिवशी लगेच कोबा ठेवू नका, बाबांना मधे विश्रांती द्या आणि मुलांना त्या दिवशी एखाद्या लहान सेनोटेत डुंबू द्या. ग्रान सेनोटेलाही सकाळीच जा, कोबाहून परतेपर्यंत तिथं जत्रा भरलेली असते. कोबासाठी डासांचं औषध हवं, पण ते लावून सेनोटेत उतरता येत नाही, म्हणून क्रम उलटा करा: आधी पाणी, मग अंग पुसून औषध, मग जंगल.

अंतरा_ह्यूस्टन

केलं. आणि पिठलंभाकरी, तुमचं ते 'सिन' वालं वाक्य आईनं आत्ताच वहीत देवनागरीत उतरवून घेतलंय, पाठ करतेय. माझ्या व्हिशाचा शिक्का मार्चपर्यंत आहे, नवऱ्याचा आज रात्री बघते आणि मगच तिकिटं काढते.